चित्रतुरग आणि चेंडूफळी : व्हिडिओ गेममधील खेळाडूंच्या नामरूपाचा विचार

क्रीडाविषयक व्हिडिओ गेममध्ये प्रत्यक्षातील खेळाडूंची नावे, चेहरे आणि लकबी वापरण्याचा जो प्रघात गेल्या तीन-चार दशकांत रूढ झाला, त्याचा विचार आजवर मुख्यतः विधिज्ञांनी केला आहे. त्यांचा प्रश्न मालकीचा आहे : नाव कोणाचे, रूप कोणाचे, आणि त्याच्या उपयोगाचे मोल कोणी कोणास द्यावयाचे? हा प्रश्न गौण खचित नाही. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न त्यामुळे मागे पडतो. गेममध्ये खेळाडूचे नाव नेमके कोणते कार्य करते? वृत्तपत्रातील धावफलकावरचे नाव, भिंतीवरील तसबिरीखालचे नाव, ऐतिहासिक कादंबरीच्या नायकाचे नाव आणि गेममधील फलंदाजाच्या शेजारी उमटणारे नाव ही सारी एकाच जातीची आहेत काय? याचा उलगडा झाल्याखेरीज मालकीचा निवाडाही नीट व्हावयाचा नाही. आणि हा उलगडा न्यायालयापेक्षा काव्यशास्त्राच्या कक्षेत अधिक येतो.

मराठी प्रदेशातील या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'सचिन सागा क्रिकेट चॅम्पियन्स' हा गेम. पुण्याच्या जेटसिंथेसिस या कंपनीने तो डिसेंबर २०१७ मध्ये प्रसृत केला. त्यातील नाव चोरलेले नाही की मोडतोड करून वापरलेले नाही. ते सचिन तेंडुलकर यांच्या संमतीने, रीतसर कराराने घेतलेले आहे. पुढे २०२१ मध्ये तेंडुलकर यांनी याच कंपनीत सुमारे २० लाख डॉलरची गुंतवणूकही केली. म्हणजे ज्याचे अनुकरण व्हावयाचे तो अनुकार्य पुरुष स्वतःच प्रयोगाचा भागीदार झाला. नाट्यशास्त्राच्या एकाही आचार्याला अशा परिस्थितीची कल्पना करता आली नसती! कायद्याच्या दृष्टीने हा गेम निर्दोष आहे, आणि म्हणूनच तो प्रस्तुत अभ्यासाला सोयीचा आहे. मालकीचा प्रश्न येथे मिटलेला असल्यामुळे उरलेला प्रश्न स्वच्छ दिसू लागतो.

गेमची मूळ कल्पना अशी की, खेळणाऱ्याने तेंडुलकरांच्या भूमिकेत शिरावे आणि १९८९ ते २०१३ या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीतील प्रसंग पुन्हा खेळावेत. ही कल्पना वरवर पाहता साधी वाटते. तिच्यातील अडचण एका प्रत्यक्ष डावाच्या आधाराने पाहिली म्हणजे ध्यानात येते. तो डाव या गेममध्ये समाविष्ट आहे की नाही, हा मुद्दा येथे अप्रस्तुत होय. प्रश्न कल्पनेच्या शक्यतेचा आहे.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. त्याच रस्त्याने उत्तरेकडे गेले असता नागपूर येण्यापूर्वी जामठ्याचे विदर्भ क्रिकेट संघटनेचे मैदान लागते. १२ मार्च २०११ रोजी, विश्वचषक स्पर्धेत, या मैदानावर भारत व दक्षिण आफ्रिका यांचा सामना झाला. तेंडुलकरांनी १११ धावा केल्या. हे त्यांचे ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक. ते बाद झाले तेव्हा भारताची धावसंख्या २६७ होती व तो केवळ दुसरा गडी होता. त्यानंतर उरलेले सगळे गडी मिळून २९ धावांची भर घालू शकले. डेल स्टेनने ५० धावांत ५ बळी घेतले, डाव २९६ वर आटोपला, आणि दोन चेंडू राखून दक्षिण आफ्रिकेने सामना जिंकला. विदर्भातील ज्या प्रेक्षकांनी तो सामना पाहिला त्यांच्या मनात शतकाचा आनंद आणि पडझडीची खंत ही दोन्ही एकमेकांत गुंतून राहिली आहेत. यांपैकी एक काढून दुसरे ठेवता येत नाही. हा डाव 'तेंडुलकरांचा' खरा. परंतु त्याला जो आकार आला तो स्टेनच्या हातून, आणि मागाहून आलेल्या फलंदाजांच्या अपयशातून.

आता हाच डाव वडनेरच्या एखाद्या मुलाच्या हातातील मोबाईलवर आला असे समजावे. तो मुलगा बारा वर्षांचा असेल, तर या सामन्यानंतरच नव्हे, तेंडुलकरांच्या निवृत्तीच्याही सुमारास किंवा नंतर जन्मलेला असणार. तो पहिल्याच चेंडूवर बाद होऊ शकेल. उलट, शतकाच्या पुढे जाऊन द्विशतकही ठोकू शकेल, आणि भारताला जिंकून देईल. पडद्यावर नाव तेंडुलकरांचेच राहील. मग ते शून्य कोणाचे व ते द्विशतक कोणाचे? मुलगा मित्राला सांगताना 'मी मारले' असेही म्हणेल आणि 'सचिनने मारले' असेही म्हणेल, आणि दोन्ही वेळा तो खोटे बोलत नसेल. या दुहेरी बोलण्यात गेममधील नावाचे सारे रहस्य आहे.

श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय येथे सहजच आठवतो. रंगभूमीवरील रामाची भूमिका करणाऱ्या नटाला पाहून प्रेक्षकाला जी प्रतीती येते ती 'हाच राम' अशी सम्यक् प्रतीती नव्हे. 'हा राम नव्हे' अशी बाधित होणारी मिथ्या प्रतीती नव्हे. 'हा राम असेल की नसेल' असा संशय नव्हे. आणि 'हा रामासारखा आहे' अशी सादृश्याची प्रतीतीही नव्हे. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो, तशी ती चारही प्रकारांहून निराळी आहे, असे शंकुकाचे म्हणणे अभिनवगुप्ताने नोंदविले आहे. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी घेतलेला आक्षेपही प्रसिद्ध आहे : ज्याने मूळ पाहिलेच नाही त्याला अनुकरण अनुकरण म्हणून ओळखता कसे येईल? राम कोणी पाहिला आहे?

व्हिडिओ गेमच्या संदर्भात हा वाद अनपेक्षितपणे जिवंत होतो. तेंडुलकरांना कोट्यवधी लोकांनी पाहिले आहे. त्या पिढीच्या प्रेक्षकाला पडद्यावरील आकृती दिसली की तो ताबडतोब सादृश्याचा हिशेब करू लागतो : उभे राहण्याची ढब जमली आहे काय, सरळ फटक्यानंतर बॅट तशीच थबकते काय. त्याच्यापुरता चित्रतुरगन्याय निकामी होतो. त्याच्या अनुभवात चौथी, सादृश्याची प्रतीतीच प्रबळ ठरते. परंतु वडनेरच्या त्या बारा वर्षांच्या मुलाला तेंडुलकर हे रामाइतकेच ऐकीव आहेत. त्याच्या बाबतीत भट्टतौतांचा आक्षेप पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर धोक्याचे आहे. मूळ न पाहिलेल्याला अनुकरण ओळखता येत नाही, म्हणून तो अनुकरणालाच मूळ समजू लागतो. जुन्या सामन्यांची ध्वनिचित्रे उपलब्ध आहेत हे खरे. पण पाहिलेल्यापेक्षा स्वतः हाताने खेळलेले अधिक काळ मनात राहते. गेम काढणाऱ्या कंपनीच्या हाती त्यामुळे केवळ एक व्यापारी परवाना येत नाही. पुढच्या पिढीच्या स्मरणाचा एक भाग येतो.

नाट्य आणि गेम यांतील आणखी एक भेद शंकुकाच्या चौकटीत बसत नाही. नाटकात अनुकर्ता नट वेगळा आणि आस्वाद घेणारा सामाजिक वेगळा. गेममध्ये दोघे एकच. पडद्यावरील आकृती हे सोंग आहे आणि ते वठविणारा तिकीट काढून आलेला प्रेक्षकच आहे. आपल्याकडे बहुरूपी दारोदार सोंगे घेऊन हिंडत असे, तेव्हा सोंगाच्या बऱ्यावाईटाचे उत्तरदायित्व त्याच्या अंगावर असे. सोंग बिघडले तर हसे त्याचे होई. गेममध्ये सोंग घेणारा अदृश्य असतो. मुलाच्या अंगठ्याची चूक तेंडुलकरांच्या नावावर धावफलकात मांडली जाते.

हे ऐतिहासिक कादंबरीतही घडते, असा प्रतिवाद होऊ शकेल. रणजित देसाई यांनी 'स्वामी' (१९६२) मध्ये माधवराव पेशव्यांच्या तोंडी जी भाषणे घातली ती माधवरावांनी केलेली नाहीत. प्रतिवाद पुष्कळ अंशी बरोबर आहे. परंतु कादंबरीकार खरे नाव घेतो त्या क्षणी एका बंधनाचा स्वीकार करतो. माधवरावांचा अंत थेऊरला १७७२ मध्ये व्हावयाचा, हे त्याला बदलता येत नाही, आणि वाचकालाही ते पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्या अटळपणातूनच कादंबरीचा करुण रस सिद्ध होतो. कादंबरीत खरे नाव लेखकाला बांधते. गेममध्ये खरे नाव कोणालाच बांधत नाही. ते घेतले जाते, आणि त्या नावाबरोबर येणारा भूतकाळ मात्र उंबरठ्याबाहेर ठेवला जातो. जामठ्याचा डाव जिंकता येणे ही गेमची सोय आहे. जामठ्याचा डाव म्हणून मात्र तो निकालात निघतो. क्रीडागेमच्या कलेवर घ्यावयाचा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि परवाना घेतल्याने तो दूर होत नाही.

न्यायालयांपुढे प्रश्न आले ते निराळ्या वाटेने. भारतातील या विषयावरचा सर्वांत विचारार्ह निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी २६ एप्रिल २०२३ रोजी दिला. क्रिकेटपटूंची डिजिटल कार्डे विकणाऱ्या 'रारिओ'च्या चालकांनी प्रतिस्पर्धी 'स्ट्रायकर'विरुद्ध अंतरिम मनाई हुकूम मागितला होता. मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग यांच्यासारखे खेळाडू सहवादी होते. 'स्ट्रायकर'च्या कार्डांवर खेळाडूंची छायाचित्रे नव्हती. चित्रकाराने काढलेली रेखाटने, नावे आणि खेळातील आकडेवारी होती. न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. खेळाडूंची नावे व त्यांची कामगिरी ही सार्वजनिक माहिती आहे, तिच्यावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही. व्यंगचित्र, विडंबन, कला, वृत्त यांतील उपयोगाला घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. आणि प्रसिद्धीचा हक्क निरंकुश नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

मोकळ्या टीकेच्या व विनोदाच्या रक्षणासाठी ही भूमिका आवश्यक आहे, याविषयी दुमत होऊ नये. प्रत्येक उल्लेखाला परवाना लागू लागला तर क्रीडासमीक्षाच बंद पडेल. परंतु कार्डांपुरते जे पुरेसे आहे ते गेमला तसेच लावता येणार नाही. कार्डावरचे नाव मागे घडून गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखविते; ते विशेषणासारखे आहे. गेममधील नाव क्रियापदाचा कर्ता होते. 'स्टेनने पाच बळी घेतले' ही माहिती होय. 'स्टेन आता माझ्या आज्ञेने चेंडू टाकीत आहे' ही माहिती नव्हे. नाव आणि आकडे यांना एका बाजूस आणि छायाचित्राला दुसऱ्या बाजूस ठेवणारी रेषा न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर आखली. काव्यशास्त्राच्या दृष्टीने खरी रेषा त्या ठिकाणी नाही. ती उल्लेख आणि कर्तृत्व यांच्यामधून जाते.

अमेरिकेतील एक प्रकरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे. एड ओ'बॅनन हा १९९५ च्या विजेत्या विद्यापीठ संघातील बास्केटबॉलपटू. पुढे अनेक वर्षांनी एका परिचिताच्या घरी त्याला गेममध्ये स्वतःचीच आकृती आढळली : तोच संघ, तोच ३१ क्रमांक, तोच डावखुरेपणा. नाव तेवढे नव्हते. दिल्लीच्या कार्डांवर नाम होते आणि रूप चित्रकाराने कल्पिलेले होते. येथे रूप पूर्ण होते आणि नाम गाळलेले होते. २००९ मध्ये त्याने दावा लावला. त्याच सुमारास इतर माजी विद्यार्थी-खेळाडूंनी लावलेल्या दाव्यांत २०१३ साली दोन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. खेळाडूने ज्या क्षेत्रात कीर्ती मिळविली त्याच क्षेत्रात, त्याच कृती करताना त्याला वास्तवपणे दाखविणे यात कलेचे रूपांतरकार्य घडत नाही, असा त्या निर्णयांचा मध्यवर्ती विचार आहे. खेळणाऱ्याला आकृतीचे केस वा उंची बदलता येते, एवढ्याने ती आकृती नवनिर्मिती ठरत नाही, हेही त्यांत स्पष्ट झाले. कंपनी आणि विद्यापीठीय क्रीडासंस्था यांनी मिळून ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. विद्यापीठीय फुटबॉलचा तो गेम २०१३ नंतर बंद पडला, आणि २०२४ मध्ये परतला तेव्हा नाव देण्यास मान्यता देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर व गेमची एक प्रत देऊ करण्यात आली. गंमत अशी की, ३१ जुलै २०१३ या एकाच दिवशी, एकाच न्यायालयाने, एकाच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या दाव्यात जिम ब्राउन या जुन्या फुटबॉलपटूला विन्मुख पाठविले. कारण त्याने निराळ्या कायद्याचा आधार घेतला होता. रूप तेच, न्याय दोन!

युरोपात जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कान याने हॅम्बुर्गच्या न्यायालयात २००३ मध्ये अशाच दाव्यात यश मिळविले. तिकडील तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही.

परवान्याच्या या कटकटीतून एक विलक्षण वाङ्मयप्रकार मात्र जन्मास आला : बिघडविलेल्या नावांचा. ज्या संघाचा परवाना नाही त्या संघातील खेळाडूंच्या नावांतील एखाद-दुसरे अक्षर फिरवावयाचे, रूप साधारण तेच ठेवावयाचे, आणि ओळख पटविण्याचे काम खेळणाऱ्यावर सोपवावयाचे. जपानी फुटबॉल-गेममध्ये रॉबेर्तो कार्लोस 'लार्कोस' झाला. २००६ अखेरीस आलेल्या 'क्रिकेट ०७' मध्ये ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांचे परवाने होते. भारतीय खेळाडू विकृत नावांनी वावरत होते, आणि भारतातील मुले ती नावे दुरुस्त करून घेण्यासाठी धडपडत होती. २०१४ च्या 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट'ने तर याचीच पद्धत बनविली. तेथे अधिकृत नाव ब्रॅडमनचे. उरलेले क्रिकेटविश्व खेळणाऱ्यांनी स्वतः घडवावे आणि एकमेकांना वाटावे, अशी 'अकादमी' तीत होती. अल्पावधीत खऱ्या खेळाडूंचे संघच्या संघ तयार झाले. कंपनीने कोणाचेही नाव वापरले नाही. नावे वापरली ती लोकांनी.

मुंबईच्या नॉटिलस मोबाईल कंपनीचा 'रिअल क्रिकेट' हा गेमही दीर्घकाळ याच वाटेने गेला. त्याच्या 'रिअल क्रिकेट २०' या आवृत्तीत समालोचन संजय मांजरेकर यांचे होते. म्हणजे आवाज खरा, संमतीने घेतलेला, आणि समालोचन ज्यांचे चालले आहे त्यांची नावे बिघडविलेली. सूत्रधार खऱ्या नावाने रंगभूमीवर यावा आणि नायक मात्र टोपणनावाने, असा हा देखावा होता. 'रिअल' या विशेषणाचा अर्थ त्यात शोधणे हा शब्दार्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगला अभ्यास होईल. मराठीत म्हण आहे की, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. नावांतील ती बदललेली अक्षरे म्हणजे न दिलेल्या पैशाची खूण होय.

तरीही या बिघडलेल्या नावांना एका दृष्टीने श्रेय दिले पाहिजे. त्यांत अनुकरण आपण अनुकरण असल्याची कबुली देते. 'लार्कोस' गोल करतो तेव्हा तो कार्लोसच्या खात्यावर जमा होत नाही. खेळणारा मनातल्या मनात मूळ नाव पुरवितो, आणि त्या पुरविण्यात त्याच्या कल्पनेला थोडे काम मिळते. संपूर्ण परवानाधारी गेममध्ये त्याला असे काही करावयाचे उरत नाही. कलादृष्ट्या परवाना नसलेला गेम काही वेळा अधिक प्रामाणिक ठरतो, हे विधान व्यापाऱ्यांना रुचणार नाही. परंतु ते टाळता येण्यासारखे नाही.

संमतीचे महत्त्व मात्र पैशापलीकडचे आहे, हे तेंडुलकरांच्याच उदाहरणावरून दिसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कसिनोच्या जाहिरातीत आपली छेडछाड केलेली छायाचित्रे वापरली जात असल्याचे सांगून, आपण जुगार, तंबाखू वा मद्य यांची जाहिरात कधीही केली नाही, असे त्यांनी जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या चेहऱ्याची व आवाजाची हुबेहूब नक्कल करून एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारी बनावट ध्वनिचित्रफीत पसरली. त्यांनी ती खोटी असल्याचे सांगितले आणि मुंबई पोलिसांच्या सायबर विभागात गुन्हा नोंदविण्यात आला. या दोन्ही प्रसंगी तक्रार मोबदला बुडाल्याची नव्हती. आपल्या नावाने कोणती कृती होते, यावर आपला ताबा असावा, अशी ती मागणी होती. चित्रपटगीतांच्या क्षेत्रात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या व २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेला मनाई केली, तीही याच तत्त्वाच्या जवळ जाणारी आहे. गाणाऱ्याने न गायिलेले गाणे त्याच्या आवाजात गाववून घेणे आणि खेळाडूने न खेळलेला डाव त्याच्या नावाने खेळवून घेणे यांत अंतर आहे ते संमतीचे आणि खेळणाऱ्याला ठाऊक असलेल्या सोंगाचे. जातीचे अंतर नाही.

येथवरचा विचार नामांकितांचा झाला. आता ज्यांच्याशी कोणी करार करीत नाही त्यांचे काय? परदेशी क्रिकेटपटूंच्या संघटना एकत्र येऊन सामूहिक परवाने देतात. त्यात मोठ्याबरोबर धाकट्याचेही नाव लागते. भारतात अशी सोय नाही. इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन २०१९ मध्ये स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. खेळत असलेल्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटना नाही. ज्याच्या पाठीशी वकील व व्यवस्थापक आहे तो स्वतंत्र करार करतो. विदर्भाच्या हर्ष दुबे याने २०२४–२५ च्या रणजी हंगामात ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा विक्रम केला. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात, जामठ्याच्याच मैदानावर, दानिश मालेवारने केरळविरुद्ध १५३ धावा केल्या आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दिल्लीच्या निर्णयातील तर्क जसाच्या तसा गेमला लावला, तर ६९ आणि १५३ हे आकडे व त्यांपुढील नावे कोणीही उचलून आपल्या गेममध्ये चालती-बोलती करू शकेल. तेंडुलकरांच्या बाबतीत असे कोणी करू धजणार नाही. तसे करण्यास कायदा आडवा येतो म्हणून नव्हे, त्यांचा वकील आडवा येतो म्हणून.

याला जोडून संहितेतील एक तपशील पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क आले. प्रयोगकर्ता कोण, हे सांगताना कायदा नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार आणि गारुडी यांचीही नावे घेतो. व्याख्याता सुद्धा त्यात आहे. क्रिकेटपटू नाही, कबड्डीपटू नाही, पैलवान नाही. 'अथवा प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती' एवढ्या शेपटात त्यांना बसवावयाचे की नाही, हे न्यायाधीशाच्या अर्थनिर्णयावर अवलंबून राहते. खेळाडूला प्रयोगकर्ता म्हणण्यातील अडचणही खरी आहे : नटाचा प्रयोग आधी लिहिलेला असतो, खेळाडूचा नसतो, आणि समोर त्याचा प्रयोग मोडून काढण्यासाठीच उभा असलेला दुसरा प्रयोगकर्ता असतो. १२ मार्च २०११ चा डाव तेंडुलकर आणि स्टेन यांपैकी कोणाचा प्रयोग मानावयाचा? दोघांचा मानला, तर एकाशी केलेल्या कराराने तो डाव गेममध्ये आणता येणार नाही. आणि एकाचाच मानला, तर गेममध्ये जो डाव येईल त्यात २६७ नंतरची ती नऊ षटके कोणी टाकली, हे वडनेरच्या त्या मुलाला कळण्याचा मार्ग उरणार नाही.